अपग्रेडनंतर मशीन हँग होतंय, आपोआप बंद पडतंय? दोष शोधायचा क्रम

नवी ऑपरेटिंग सिस्टम टाकली आणि तेव्हापासून मशीन अधूनमधून गोठायला लागलं, निळी स्क्रीन यायला लागली किंवा चालता चालता रीस्टार्ट व्हायला लागलं, की बहुतेकांचा हात थेट फॉरमॅटकडे जातो. फॉरमॅट मारून प्रश्न सुटला तर ठीक, पण बऱ्याचदा तो सुटत नाही. सगळं परत इन्स्टॉल करण्यात दिवस जातो आणि रात्री मशीन पुन्हा तसंच लटकतं. कारण दोष सिस्टममध्ये नसतोच. रॅमची एखादी पट्टी आधीपासूनच कच्ची असते, बायोस (मदरबोर्डवरचं, सिस्टमच्या आधी चालू होणारं मूळ सॉफ्टवेअर) चार वर्षांपूर्वीचं असतं किंवा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) जेमतेम तग धरून असतो. जुन्या सिस्टमखाली हे झाकलेलं राहतं आणि नवी सिस्टम आली की उघडं पडतं.

उलटही घडतं. हार्डवेअर ठणठणीत असतं, पण नव्या सिस्टमला जुना ड्रायव्हर (सिस्टम आणि हार्डवेअर यांना जोडणारं सॉफ्टवेअर) पचत नाही, आणि माणूस नवी रॅम विकत घेऊन बसतो. म्हणून आधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं: बिघाड सॉफ्टवेअरच्या बाजूला आहे की हार्डवेअरच्या? खालचा क्रम त्यासाठीच आहे. फुकटचे आणि मागे घेता येतील असे उपाय आधी, पैशाचे आणि धोक्याचे नंतर. उदाहरणं मुख्यतः विंडोजची आहेत, कारण प्रश्न तिथूनच जास्त येतात. लिनक्स आणि मॅकचं शेवटाकडे थोडक्यात सांगितलं आहे.

हात लावण्याआधी तीन गोष्टी

पहिली गोष्ट बॅकअप. वारंवार अचानक बंद पडणाऱ्या मशीनवर फाइल सिस्टम कधीही खराब होऊ शकते, त्यामुळे महत्त्वाच्या फाइली आजच बाहेरच्या डिस्कवर घ्या.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की. हिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पुढे बायोसमध्ये काही बदललंत, सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सिस्टम चालू होऊ देणारी सोय) बंद केलंत किंवा टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) रीसेट झालं, तर पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी की मागू शकतं. ती नसेल तर डेटा गेला. कित्येक लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाला पत्ता न लागता चालू झालेलं असतं, त्यामुळे 'मी तर बिटलॉकर लावलंच नाही' यावर विसंबू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन तपासा आणि की कागदावर उतरवून ठेवा.

तिसरी गोष्ट परतीचं तिकीट. विंडोज १० वरून ११ वर गेला असाल तर जुनी सिस्टम 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये १० दिवस पडून असते. तोपर्यंत सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथल्या 'गो बॅक' बटणाने मागे जाता येतं. फाइली राहतात, पण अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर निघून जातात. डिस्म (DISM) या विंडोजच्या कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र ती संपायच्या आत. डिस्क भरली म्हणून 'डिस्क क्लीनअप' चालवून जुन्या विंडोजच्या फाइली उडवल्यात, तर हा रस्ता त्याच क्षणी बंद होतो. निदान होईपर्यंत सफाईच्या भानगडीत पडू नका.

आणि एक वही किंवा फोनमधली नोंद ठेवा: तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होतं, काय दिसलं, त्यानंतर तुम्ही काय बदललं. एका वेळी एकच बदल करा. एकाच संध्याकाळी ड्रायव्हर, बायोस आणि रॅम तिन्ही बदललंत आणि मशीन सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही. बिघडलं तर त्याहून वाईट.

सुरुवातीचा गोंधळ वेगळा काढा

अपग्रेडनंतरचे पहिले काही तास, कधी एक-दोन दिवस, सिस्टम पडद्यामागे बरंच काम करत असते. शोधासाठी फाइलींची सूची बनते, ॲप अपडेट होतात, अँटिव्हायरस सगळी डिस्क चाळतो, ड्रायव्हर उतरतात. पंखा जोरात फिरणं, मशीन जड चालणं हे या काळात अपेक्षितच आहे. मशीन लॅपटॉप असेल तर चार्जर लावून रात्रभर चालू ठेवा, स्लीप होऊ देऊ नका आणि काम उरकू द्या.

मात्र संथ असणं आणि अस्थिर असणं यांत फरक आहे. निळी स्क्रीन, आपोआप रीस्टार्ट किंवा पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय न सुटणारं हँग, यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

इथेच आणखी एक तपासून घ्या. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही. सिस्टमचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. म्हणजे बिघडलेल्या अवस्थेतला ड्रायव्हर रोज सकाळी त्याच अवस्थेत हजर! 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या पानावर ही सोय बंद करता येते. निदान चालू असेपर्यंत ती बंदच ठेवा. बिघाड रीस्टार्टनंतर नसतो आणि शट डाउन करून चालू केल्यावरच येतो, असं दिसलं तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

मशीन मरतं कसं, ते नीट बघा

'हँग होतं' या दोन शब्दांत चार-पाच वेगळे आजार लपलेले असतात.

दिवा गेल्यासारखं मशीन क्षणात बंद झालं, निळी स्क्रीन नाही, काही नाही, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा तापमानावर. स्क्रीन काळी झाली पण गाणं वाजत राहिलं, तर ग्राफिक्सकडे बघा. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आलं तर बाकीचं मशीन जिवंत होतं. सगळं गोठलं असेल तर कॅप्स लॉक दाबून कीबोर्डवरचा दिवा बदलतो का बघा. बदलत असेल तर गाभा अजून चालू आहे, अडकलंय वरचं काहीतरी. बदलत नसेल तर मामला खोल आहे.

माउस हलतो, पण क्लिक केलं की काही सेकंद काहीच होत नाही आणि मग सगळ्या खिडक्या एकदम उघडतात? ही बहुतेक वेळा डिस्क असते. मशीन कामात असताना ठीक आणि नुसतं पडून असताना गोठतं? मग वीज वाचवण्याच्या सेटिंग्ज संशयित. आणि निळी स्क्रीन दर वेळी वेगळ्याच कोडची येत असेल, तर रॅम पहिल्या नंबरावर. (विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही स्क्रीन निळी नसून काळी असते. रंग बदलला म्हणून गोंधळू नका, कोड तेच आहेत.)

नोंदी वाचायला शिका

स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलंत की रिलायबिलिटी मॉनिटर सापडेल. दिवसवार तक्ता, १ ते १० च्या मापावर स्थिरतेची रेघ आणि ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली. इतकी चांगली गोष्ट मायक्रोसॉफ्टने इतकी आत का लपवली, कळत नाही. रेघ अपग्रेडच्या दिवशीच खाली आली की त्याआधीपासूनच उतरत होती, ते पहिल्याच नजरेत दिसतं. आधीपासून उतरत असेल तर अपग्रेडवरचा आळ तिथेच मागे घ्यावा लागतो.

तपशील हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. नवख्या माणसाला इथे हमखास सापडते ती 'कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१' ही गंभीर नोंद. इंटरनेटवर या ४१ चे शेकडो 'उपाय' फिरतात. खरं तर ती नोंद एवढंच सांगते, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते तर तुम्हालाही माहीत आहे.

उपयोगाची माहिती तिच्या पोटात आहे. नोंदीवर क्लिक करून 'डीटेल्स' हा टॅब उघडा. तिथे 'बगचेक कोड' अशी ओळ दिसेल. आकडा ० असेल तर सिस्टमला निळी स्क्रीन नोंदवण्याइतकाही वेळ मिळाला नाही: वीज तुटली, मशीन पूर्ण गोठलं किंवा तुम्हीच बटण दाबून बंद केलं. आकडा ० नसेल तर तो निळ्या स्क्रीनचा कोड आहे, फक्त दशमान पद्धतीत. २९२ म्हणजे ०एक्स१२४, हार्डवेअरने स्वतःच कळवलेली चूक. १५९ म्हणजे ०एक्स९एफ, स्लीपमध्ये जाता-येता एखादा ड्रायव्हर अडकला. २७८ म्हणजे ०एक्स११६, ग्राफिक ड्रायव्हर वेळेत सावरला नाही. विंडोजमधल्या कॅल्क्युलेटरच्या 'प्रोग्रॅमर' मोडमध्ये कोणताही आकडा असा बदलून घेता येतो.

मग त्या ४१ च्या आधीची पाच-दहा मिनिटं वाचा. कारण तिथे असतं. 'डिस्क'ची ७ नंबरची नोंद म्हणजे खराब ब्लॉक. १२९ नंबरची नोंद म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून तिला रीसेट करावं लागलं, आणि १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करून बघावं लागलं. समजा, मशीन २१:१४ ला गोठलं आणि नोंदींमध्ये २१:१२ पासून १२९ ची रांग लागलेली दिसते. मग ग्राफिक ड्रायव्हर बदलत बसण्यात काय हशील? 'व्हीया-लॉगर' (WHEA-Logger) नावाच्या नोंदी दिसल्या तर त्या प्रोसेसर, मेमरी किंवा पीसीआय जोडणीकडून आलेल्या असतात. १८ नंबर म्हणजे जीवघेणी चूक. १७ आणि १९ म्हणजे चूक झाली पण सावरली गेली. सावरलेल्या चुका अधूनमधून एखादी असेल तर सोडून द्या, मिनिटाला दहा येत असतील तर सोडू नका.

निळ्या स्क्रीनच्या वेळची मेमरीची स्थिती जतन करणाऱ्या डंप फाइली विंडोजच्या फोल्डरमधल्या 'मिनीडंप'मध्ये साठतात. मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी हे मोफत साधन त्या वाचतं. त्यात 'कारण बहुधा एनटीओएसकर्नल' असं आलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. तो विंडोजचा गाभा आहे, चूक त्याच्या लक्षात आली एवढंच. चार-पाच डंपमध्ये तोच एक ड्रायव्हर पुन्हा पुन्हा आला तर तो आरोपी. दर वेळी वेगळंच नाव आलं तर रॅमकडे वळा.

निकाल लावणारी चाचणी: दुसरी सिस्टम चालवून बघा

एका पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंटसारखी कोणतीही लिनक्स टाका आणि इन्स्टॉल न करता तिच्यावरून मशीन चालू करा. 'ट्राय' हा पर्याय निवडलात की डिस्कवरच्या विंडोजला धक्का लागत नाही. मग दोन-चार तास काम करा: व्हिडिओ लावा, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडा, मशीन तसंच सोडून जेवून या.

इथेही ते गोठलं किंवा बंद पडलं, तर विंडोजचा अपग्रेड बहुतेक निर्दोष. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन सिस्टम एकाच मशीनवर सारख्याच पडतात, तेव्हा समान असतं ते फक्त हार्डवेअर आणि बायोस. लिनक्सवर तासन्‌तास सुरळीत चाललं, तर पारडं ड्रायव्हरकडे झुकतं. पूर्ण निकाल लागत नाही, कारण लाइव्ह लिनक्स तुमची मुख्य डिस्क जवळपास वापरतच नाही आणि ग्राफिक कार्डावर फारसा ताण देत नाही. तरी फॉरमॅट मारायचा की नाही, हे ठरवायला एवढं पुरेसं होतं.

रॅम

नवी सिस्टम मेमरी वेगळ्या पद्धतीने मांडते. जुन्या विंडोजमध्ये ज्या खराब जागेवर एखाद्या चित्राचा तुकडा यायचा, तिथे आता गाभ्याचा महत्त्वाचा कोड येऊन बसतो. चित्रात एक ठिपका चुकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. गाभ्यात चुकला तर मशीन कोसळतं.

१. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा. ही ओव्हरक्लॉकिंगच (मूळ वेगाच्या वर चालवणं) असते, पाकिटावर ३६०० छापलेलं असलं तरी. डीडीआर४ पट्ट्या त्याशिवाय साधारण २१३३ ते ३२०० च्या मूळ वेगावर चालतात, डीडीआर५ बहुधा ४८०० किंवा थोड्या वरच्या वेगावर. प्रोसेसर किंवा ग्राफिक कार्ड ओव्हरक्लॉक वा अंडरव्होल्ट (कमी व्होल्टेजवर) केलं असेल तर तेही मूळ पदावर आणा. 'दोन वर्षं व्यवस्थित चालत होतं' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

२. एवढ्याने थांबलं नाही, तर मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा. किमान चार फेऱ्या, शक्यतो रात्रभर. सिक्युअर बूटमुळे सुरू होत नसेल तर ते तात्पुरतं बंद करावं लागेल. रिकव्हरी की आठवली ना?

३. एकही चूक चालत नाही. 'फक्त दोनच एरर आले' म्हणजे रॅम नापास.

४. चूक आली तर मशीन बंद करा, वीज काढा, एकच पट्टी लावून तपासा. मग दुसरी, त्याच खाचेत. चूक पट्टीबरोबर फिरत असेल तर पट्टी खराब; खाचेबरोबर राहत असेल तर खाच किंवा मदरबोर्ड. संपर्काच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसून, कण झटकून परत बसवल्यावर चूक नाहीशी झाल्याचंही पुष्कळदा दिसतं.

विंडोजमधली 'मेमरी डायग्नोस्टिक' ही चाचणी सोपी आहे, पण ढिली. तिने नापास केलं तर माना, पास केलं तर फार हुरळू नका.

आणखी एक: अपग्रेड खराब रॅमवर झाला असेल तर नव्या फाइली कॉपी होतानाच बिघडलेल्या असू शकतात. म्हणून रॅम सुधारल्यानंतर, आधी नव्हे, ॲडमिन अधिकाराने कमांड विंडो उघडून डिस्मचं 'रिस्टोअरहेल्थ' चालवा आणि त्यानंतर एसएफसीचं 'स्कॅननाऊ'; दोन्ही बिघडलेल्या सिस्टम फाइली दुरुस्त करतात.

ड्रायव्हर

लाइव्ह लिनक्स नीट चालली असेल तर खरी शोधाशोध इथे आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह कुठे आहे ते बघा, पण चिन्ह नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. खोडसाळ ड्रायव्हर सहसा बिनचिन्हाचेच असतात.

चिपसेटपासून सुरुवात करा, मग ग्राफिक्स, मग वायफाय आणि आवाज. लॅपटॉपसाठी ड्रायव्हर त्या कंपनीच्या साइटवरून, अचूक मॉडेल नंबर टाकून घ्या. एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांपासून चार हात लांब राहा. ते चुकीची आवृत्ती टाकतात आणि मग गुंता दुप्पट होतो. ग्राफिक ड्रायव्हर अपग्रेडमध्ये विंडोजने स्वतःच बदललेला असू शकतो. तो पूर्ण काढून नवा टाकायचा असेल तर सेफ मोडमध्ये (फक्त गरजेपुरते ड्रायव्हर घेऊन चालणारी अवस्था) जाऊन डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) हे साधन वापरा आणि त्या वेळी इंटरनेट तोडून ठेवा. नाहीतर तुम्ही नवा टाकायच्या आत विंडोज आपला ड्रायव्हर परत आणून बसवतं.

ड्रायव्हर एवढा घोळ घालू शकतो का? विंडोज ११ च्या सुरुवातीच्या काळात इंटेलच्या स्मार्ट साउंड या आवाजाच्या ड्रायव्हरच्या १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या आवृत्त्या, ११ व्या पिढीच्या प्रोसेसरवर, निळी स्क्रीन आणत होत्या. मायक्रोसॉफ्टला अशा मशीनचा अपग्रेड रोखून धरावा लागला. आवाजाचा ड्रायव्हर अख्खं मशीन पाडू शकतो, हे एकदा पटलं की प्रिंटर, जुनं कीबोर्ड सॉफ्टवेअर, आरजीबी दिवे, पंख्यांचे कंट्रोलर, व्हीपीएन आणि बाहेरचे अँटिव्हायरस यांच्याकडे बघायची नजर बदलते. हे सगळे गाभ्यात ड्रायव्हर घुसवतात. 'एमएसकॉन्फिग'मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून बाकीच्या बंद करा, शक्य ते अनइन्स्टॉल करा, बाहेरची सगळी यूएसबी उपकरणं काढा, फक्त कीबोर्ड-माउस ठेवा. मशीन स्थिर झालं की एकेक परत आणा.

'ड्रायव्हर व्हेरिफायर' हे साधनही आहे. ते संशयित ड्रायव्हरना मुद्दाम छळून पाडतं. ताकदवान आहे, पण मशीन बूटच होईना अशी वेळ येऊ शकते. सेफ मोडमध्ये जाऊन ते बंद कसं करायचं, हे माहीत असल्याशिवाय चालू करू नका.

पडून असताना किंवा झोपेतून उठताना गोठतं

हा प्रकार वेगळा सांगायला हवा, कारण ताणाच्या सगळ्या चाचण्या इथे पास होतात. चाचणी चालू असताना मशीन जागं असतं, आणि बिघाड होतो तो प्रोसेसर, डिस्क किंवा वायफाय झोपी जाताना. अपग्रेडमध्ये पॉवर प्लॅन मूळ पदावर येतात आणि तुम्ही पूर्वी जे बंद करून ठेवलं होतं ते परत चालू होतं.

पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंग्जमध्ये 'पीसीआय एक्स्प्रेस लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' ऑफ करा. 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या गुणधर्मांत 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' ही खूण काढा. प्रत्येक बदलानंतर एक दिवस जाऊ द्या. एएमडीच्या सुरुवातीच्या रायझन प्रोसेसरवर मशीन रिकामं असताना गोठत असेल, तर बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधा आणि ते 'टिपिकल करंट आयडल' करून बघा. अगदी कमी विजेवर काही एसएमपीएस नीट चालत नाहीत, त्यावरचा हा इलाज आहे.

डिस्क

क्रिस्टलडिस्कइन्फो या साधनाने डिस्कच्या तब्येतीचे 'स्मार्ट' आकडे बघा. फिरत्या डिस्कवर आणि साटा एसएसडीवर ०५, सी५ आणि सी६ हे खराब जागांचे आकडे शून्याच्या वर असून वाढत असतील तर बॅकअप घेऊन डिस्क बदलायच्या तयारीला लागा. सी७ वाढत असेल तर आधी केबल बदला. ती स्वस्त असते आणि दोष पुष्कळदा तिचाच निघतो. एनव्हीएमई डिस्कमध्ये 'मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स' ही ओळ शून्य हवी.

आकडे स्वच्छ असूनही डिस्क त्रास देत असेल तर तिचं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) बघा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली, तेव्हा वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या २ टीबी एसएसडी असलेली मशीनं निळी स्क्रीन दाखवू लागली. या डिस्क संगणकाची थोडी रॅम उसनी घेतात. जुनं विंडोज ६४ एमबीपर्यंत देत होतं, नव्याने डिस्कच्या मागणीप्रमाणे २०० एमबी दिली आणि डिस्कच्या फर्मवेअरला ते झेपलं नाही. डिस्क खराब नव्हती, विंडोजही तसं चुकलं नव्हतं. कंपनीचं नवं फर्मवेअर टाकल्यावर प्रश्न मिटला.

बायोस कधी?

असाच किस्सा रायझनचा. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं म्हणून लोकांनी बायोसमधलं अंगभूत टीपीएम, म्हणजे एफटीपीएम, चालू केलं, आणि काहींची मशीनं मधूनच क्षणभर अडखळू लागली. आवाज तुटायचा, माउस थांबायचा. एएमडीने मार्च २०२२ मध्ये कारण जाहीर केलं: एफटीपीएम मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी बोलताना अधूनमधून जास्त वेळ घेत होतं. उपाय नवं बायोस. इथे विंडोज कितीही वेळा टाकलं असतं तरी काडीचा फरक पडला नसता.

म्हणून तुमच्या मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या पानावर जाऊन, तुमच्या आवृत्तीनंतर आलेल्या प्रत्येक बायोसची टीप वाचा. स्थिरता, मेमरी किंवा नव्या विंडोजचा उल्लेख असेल तर अपडेट करा. पण मशीन केव्हाही बंद पडत असताना विंडोजमधून बायोस फ्लॅश करणं (चिपवर नवं लिहिणं) म्हणजे विषाची परीक्षा. आधी एक्सएमपी बंद, बिटलॉकर स्थगित, लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला. मग बायोसमधल्याच फ्लॅश सोयीने, पेनड्राइव्हवरून. नंतर 'लोड डिफॉल्ट्स' करा.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर हे टाळूच नका. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले बरेच हळूहळू अस्थिर होत गेले. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले, ते बायोसमधूनच येतात. झालेलं नुकसान त्यांनी भरून निघत नाही, मात्र इंटेलने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. गेम सुरू होताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येणं हे त्यातलं ओळखीचं लक्षण, आणि लोक बिचारे ग्राफिक कार्ड बदलत बसले.

ताप आणि एसएमपीएस

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं साधन चालू ठेवून जड काम करा. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना टेकून बसत असेल तर धूळ काढा, पंखे फिरतात का बघा, थर्मल पेस्ट बदला. काही नवे प्रोसेसर मुद्दाम ९५ पर्यंत जातात, त्यामुळे केवळ आकड्याने घाबरू नका. प्रश्न आहे तो बंद पडण्याचा.

एसएमपीएसचा दोष सॉफ्टवेअरने सिद्ध होत नाही. १२ व्होल्टची लाइन साधारण ११.४ ते १२.६ मध्ये हवी, पण स्क्रीनवर दिसणारा आकडा भरवशाचा नसतो आणि क्षणभराची घसरण त्यात दिसतही नाही. गेम सुरू होताच किंवा व्हिडिओ रेंडर करताना मशीन तडक बंद होतं आणि नोंदीत बगचेक ० आहे, तर सगळ्या पॉवर केबल्स काढून घट्ट बसवा. नंतर ओळखीतला चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून बघा. एसएमपीएस स्वतः उघडू नका. आतले कपॅसिटर वीज काढल्यावरही धक्का देऊ शकतात.

लिनक्स आणि मॅक

लिनक्समध्ये सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे जुना कर्नल (सिस्टमचा गाभा). बूट होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून मागच्या कर्नलवर बूट करा. तिथे स्थिर, इथे अस्थिर म्हणजे हार्डवेअर सुटलं. जर्नलसीटीएल या कमांडला मागच्या बूटच्या नोंदी विचारता येतात. त्यांचा शेवट अर्धवट तुटलेला असेल तर मशीन एकदम गोठलं असं समजा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल बनलं आहे का, ते सर्वांत आधी बघा.

मॅकवर सेफ मोड आणि ॲपल डायग्नोस्टिक्स या दोन गोष्टी पुरतात. इंटेल मॅकवर चालू करताना डी दाबून धरायचं. ॲपलच्या चिपवर पॉवर बटण दाबून धरायचं, पर्याय दिसले की कमांड आणि डी. सेफ मोडमध्ये ठीक चालत असेल तर बाहेरच्या कंपन्यांची कर्नल एक्स्टेन्शन आणि लॉगिनला सुरू होणारे प्रोग्रॅम काढा.

मागे जायचं का?

हार्डवेअरच्या चाचण्या पास आहेत, ड्रायव्हर नवे आहेत, तरी मशीन कामाचं राहिलेलं नाही आणि मुदत संपायला दोनच दिवस उरलेत? तर जा मागे, त्यात कमीपणा नाही. जुन्या सिस्टमवर तोच त्रास झाला तर हार्डवेअरचा दोष पक्का. नाही झाला तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअर येईपर्यंत थांबता येतं. फक्त विंडोज १० चं नेहमीचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं आहे, त्यामुळे तिथे कायमचा मुक्काम ठोकायचा असेल तर सुरक्षा अपडेटची वेगळी सोय आधी बघा.

सुधारलं असं केव्हा म्हणायचं

रोज पडणारं मशीन आठवडाभर पडलं नाही, तर सुधारलं. आठवड्यातून एकदा पडणाऱ्याला महिना द्या. त्यानंतर मागची आवराआवर करा: ड्रायव्हर व्हेरिफायर चालू केलं असेल तर बंद, सिक्युअर बूट परत चालू, स्थगित केलेलं बिटलॉकर पुन्हा सुरू. बंद केलेल्या सेवा आणि यूएसबी उपकरणं एकेक करून परत. एक्सएमपी सगळ्यात शेवटी, आणि ते लावल्यावर मेमटेस्टची एक रात्र पुन्हा.